मदत हवी आहे: विंडो मॅनेजरच्या कॉन्फिगसाठी ल्युआ की गाइल स्कीम?

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. एक्स११साठी (लिनक्सवर स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी प्रणाली) सी भाषेत स्वतःचा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम, लिहितोय. सध्या डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरसारखं एक शॉर्टकट बदलला तरी पुन्हा कंपाइल करावं लागतं. भावाच्या होमस्टेच्या काउंटरवरही माझाच मॅनेजर चालतो. त्याला सी येत नाही, पण शॉर्टकट स्वतः बदलायचे असतात. म्हणून कॉन्फिग (सेटिंगची फाइल) लिहायला पुन्हा कंपाइल न करता चालणारी स्क्रिप्टिंग भाषा जोडायचीय.

ल्युआ छोटी, सीमध्ये सहज बसते, ऑसम या विंडो मॅनेजरमध्येही तीच आहे. मन मात्र गाइल स्कीमकडे (लिस्पच्या घराण्यातली, कंसांनी भरलेली भाषा) ओढतं, पण भावाला ते कंस झेपतील का? पायथन मला इथे जड वाटतं.

खरी अडचण वेगळी. कॉन्फिगमधली चूक ल्युआचा पीकॉल (चूक झाली तरी प्रोग्राम बंद पडू न देणारं फंक्शन) पकडतो, चालू सेशन वाचतं. पण एखादं फंक्शन अनंत लूपमध्ये अडकलं तर स्क्रीनच गोठतो! ल्युआच्या डीबग हूकने (कोड चालू असताना मध्येच आपलं फंक्शन बोलावण्याची सोय) ठराविक सूचना (इन्स्ट्रक्शन्स) चालल्यावर ते थांबवणं पुरेसं आहे का? आणि गाइलमध्ये हे कुणी केलंय का?