लिनक्स शिकायला सुरुवात कुठून: काळ्या खिडकीतून की डेस्कटॉपवरून?

उंदीरमामा: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल कुणी 'कसं सुरू करू?' विचारलं की 'आधी टर्मिनल शीक' (म्हणजे आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी) हा सल्ला ठरलेला. मला तो पटत नाही. पहिल्या दिवशी माणसाला वायफाय जोडायचं असतं, फोटो बघायचे असतात, प्रिंटर चालवायचा असतो. हे सगळं ग्नोम किंवा केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपांमध्ये माउसने होतं. तेवढं जमलं तर तो टिकेल. टिकला तर पुढचं शिकेल.

काळीखिडकी: असहमत. मेनू आज इथे, उद्या तिथे. २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा मुरलेल्या लोकांनाही सगळं नव्याने शोधावं लागलं. एलएस, सीडी, ग्रेप या टर्मिनलच्या आज्ञा मात्र १९७०च्या दशकातल्या युनिक्स या जुन्या सिस्टिमपासून चालत आल्यात. आणि लांबून मदत करायची तर 'कोपऱ्यातलं ते चाक दाबा, नाही हो, दुसरं' यापेक्षा एक ओळ पाठवलेली बरी.

उंदीरमामा: तिथेच तर गोची आहे! ती ओळ न वाचता चिकटवली जाते. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन हा यूट्यूबर पॉप ओएस या लिनक्सच्या एका प्रकारावर स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला गेला. ग्राफिकल स्टोअरमधून ते होईना, म्हणून टर्मिनल उघडलं. स्टीम राहिलं बाजूला, डेस्कटॉपच उडाला.

काळीखिडकी: अर्धीच गोष्ट सांगताय. काय काय काढलं जाणार याची यादी टर्मिनलने दाखवली, धोक्याची सूचना दिली, वर एक अख्खं वाक्य टाइप करायला लावलं. त्याने केलं! (मूळ घोळ पॅकेजचा, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलींच्या गठ्ठ्याचा होता, हे मान्य.) वाचायची सवय माउसने लागत नाही.

नवशिकी: मी आठ महिने फक्त डेस्कटॉप वापरला. मग एके रात्री पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनचाच पडदा. फोनवर शोधून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनल उघडलं, डिस्क किती भरली ते दाखवणारी डीएफ ही आज्ञा चालवली. डिस्क शंभर टक्के भरलेली! सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणाऱ्या एपीटीने साठवलेल्या फाइली साफ केल्या आणि आत गेले.

उंदीरमामा: म्हणजे आठ महिने काही अडलं नाही.

काळीखिडकी: आणि अडलं तेव्हा माउस कुठे होता?

नवशिकी: भांडा तुम्ही. पण टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक टिंबही उमटत नाही, हे आधी का नाही हो सांगत कुणी? मी दहा मिनिटं कीबोर्ड बिघडला असं समजत होते.