झेड४ ३५आय: तापली की बूस्ट जातो, दोन्ही टर्बो बदलायचेच का?

धरमपेठ_झेड४

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ एसड्राइव्ह ३५आय. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं एन५४ इंजिन, दोन टर्बो, सात गिअरचा ड्युअल क्लच. सेकंडहँड घेतली आहे, पण सगळं स्टॉक आहे, रिमॅप वगैरे काही नाही.

सकाळी लवकर वर्धा रोडला काढली की मस्त पळते. दुपारी मात्र तापल्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला ३००० आरपीएमच्या वर पाय दाबला की इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी एकदम मरगळते. बंद करून चालू केली की परत ठीक, पुढच्या उड्डाणपुलापर्यंत. स्कॅनरला ३०एफएफ कोड येतो, चार्ज प्रेशर कमी, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब (बूस्ट) कमी. आयडलिंग गुळगुळीत आहे, धूर नाही, ऑइल पीत नाही. पाय उचलला की पुढून बारीक खडखड ऐकू येते, एवढंच.

वर्कशॉपने कोड पाहिला आणि दोन्ही टर्बो बदला म्हणून सांगितलं. कोटेशनच्या रकमेत एक बरी हॅचबॅक येईल. खरंच गरज आहे का?

वर्धेकर_पेट्रोल

आधी हाय ऑक्टेन टाकून पाहा. ४५ डिग्रीत हवाच इतकी गरम असते की कुठलीही टर्बो गाडी सुस्त होणार.

तात्या_हिंगणा

ऑक्टेननं ३०एफएफ जात नसते, भाऊ. नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटलं, तर इंजिन ठिणगीचं टायमिंग मागे घेईल, पिकअप कमी वाटेल, ते वेगळं. हा कोड एवढंच सांगते की कॉम्प्युटरनं जेवढं प्रेशर मागितलं तेवढं मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरला हवा वाटणाऱ्या नळीला, पोचलं नाही. टर्बो खराब आहे हे कोड नाही म्हणून राहिला, वर्कशॉपवाला म्हणून राहिला.

आता मुद्द्याचं. एक्झॉस्टचा गॅस टर्बोला वळसा देऊन सोडते ती वेस्टगेटची झडप; बऱ्याच टर्बो गाड्यांत प्रेशर आलं की ती उघडते. एन५४ मध्ये उलटं आहे, इथं झडप बंद ठेवायचं काम व्हॅक्यूम करते. व्हॅक्यूम कमी पडला की झडप अर्धी उघडीच राहते, एक्झॉस्टचा गॅस टर्बाइनला टाळून निघून जाते, आणि चांगला टर्बोही पुरता फिरत नाही. व्हॅक्यूम येते पंपातून, साठते डब्यात, तिथून दोन सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि मग झडपेचा दांडा ओढणाऱ्या दोन ॲक्च्युएटरकडे बारक्या रबरी नळ्या. त्या जातात एक्झॉस्टच्या बाजूनं. इतक्या वर्षांचं रबर अन् वरून आपला मे महिना! थंड असताना चीर मिटून राहते, तापलं की उघडते. तुमची गाडी सकाळी चांगली अन् दुपारी मरते, म्हणून माझा पहिला संशय तिथंच.

खोलण्याच्या आधी फुकटची एक तपासणी करा. इंजिन बंद, इग्निशन चालू, अन् स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशर पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, म्हणजे ९७० मिलिबारच्या आसपास दिसायला पाहिजे. फार वेगळा आकडा आला तर सेन्सरच खोटं बोलून राहिला, बाकीचं नंतर.

मग व्हॅक्यूम गेज. पंपापाशी आयडलला पाऱ्याच्या २५ इंचांच्या वर मिळाला तर पंप ठीक. नंतर हाताच्या व्हॅक्यूम पंपानं एकेका ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम द्या. दांडा पूर्ण खेचला जाते का अन् गेजचा काटा जागेवर थांबते का, ते पाहा. काटा घसरला तर ॲक्च्युएटरच्या आतला पडदा (डायफ्राम) गेला. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे अन् टर्बोही उजवीकडे, म्हणून तिथं हात शिरत नाही. कोणी "पाहिलं, ठीक आहे" म्हटलं तर कुठून पाहिलं ते विचारा.

हे सगळं पास झालं तरच स्मोक टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं: थ्रॉटलच्या आधीचा प्लास्टिकचा चार्ज पाइप, हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे जोड, जास्तीचं प्रेशर सोडणारे दोन्ही डायव्हर्टर व्हॉल्व्ह. चार्ज पाइप बहुतेक थ्रॉटलकडच्या टोकाशी तडकते.

मीनल_मानकापूर

तात्यांच्या यादीत एक भर: लॉग घ्या, म्हणजे गाडी चालताना स्कॅनरवर आकडे नोंदवून घ्या. मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर, वेस्टगेट ड्यूटी (झडप बंद करायचा कॉम्प्युटरचा हुकूम किती जोराचा, ते) आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. मॅन्युअल मोड, तिसरा गिअर, २००० पासून ५००० आरपीएमपर्यंत. समृद्धीवरच्या १२० च्या मर्यादेत बसतं, चौथ्याची हौस नको. ड्यूटी वर चढत जाते आणि प्रेशर मागेच राहतं, असं दिसलं तर कॉम्प्युटर झडप बंद करायला सांगतोय आणि ती होत नाहीये, किंवा भरलेली हवा कुठेतरी गळतेय. लॉग थंड आणि गरम दोन्ही वेळचा हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

धरमपेठ_झेड४

दुसऱ्या गॅरेजमध्ये बसून करून घेतलं. इग्निशनला ९६८, म्हणजे सेन्सर बरोबर. पंप २६ देतोय. दोन्ही ॲक्च्युएटर व्हॅक्यूम धरतात. मागच्या ॲक्च्युएटरची नळी मात्र खालच्या अंगाने चिरलेली, वरून बोट फिरवलं तर कळतही नाही. तात्पुरती दुसरी नळी लावली आणि भर दुपारी बुटीबोरीकडे जाऊन आलो: मिळालेलं प्रेशर मागितलेल्याच्या बरोबरीने चाललं, दिवा नाही. खडखड तशीच आहे. कायमची नळी कुठली घेऊ?

तात्या_हिंगणा

आतून साडेतीन मिलीमीटरची सिलिकॉन, पण जाड भिंतीची. पातळ घेतली तर व्हॅक्यूमनं स्ट्रॉसारखी चपटी होते अन् तोच कोड परत. मीटरवर मिळते, भाव पाहून हसाल.

खडखड झडपेच्या दांड्याची. पिन झिजली की सैल होऊन वाजते. झडप पूर्ण बंद होते अन् मागितलेलं प्रेशर मिळते तोवर चालवा. सर्व्हिसला लॉग पाहात जा, ड्यूटी हळूहळू वाढत चालली तर मग टर्बोचा विचार.

अन् पुढच्या ॲक्च्युएटरची नळी बदलली का? ती पण त्याच वयाची आहे.