मदत हवी आहे: नवऱ्याच्या जुन्या गोल्फ सेटवर खेळतेय, ड्रायव्हर सतत उजवीकडे वळतो. दोष स्विंगचा की क्लबचा?

मृणाल_पुणे

नमस्कार मंडळी. वय ४७, उंची पाच फूट दोन इंच, उजव्या हाताने खेळते. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि मी नवऱ्याबरोबर कोर्सवर जायला लागले. आता तो एखाद्या रविवारी आळस करतो, पण मला चुकवायला जिवावर येतं, इतका हा खेळ आवडलाय.

अडचण अशी. सात नंबरची आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) माझ्या हातात बरी बसते. चेंडू सरळ जातो, फार तर जरा डावीकडे. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेतला की मात्र चेंडू आधी किंचित डावीकडे निघतो आणि मग मोठ्ठा वळसा घेऊन उजवीकडच्या झाडांत शिरतो. लागला तर १२० यार्डांच्या आसपास, त्यातही पावसाळ्यात फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) ओला असला की पडतो तिथेच थांबतो.

सेट नवऱ्याचा जुना आहे. त्याची उंची पाच फूट अकरा. आयर्नला स्टीलचे शाफ्ट (दांडे), त्यावर 'स्टिफ' म्हणजे ताठ लिहिलंय. ड्रायव्हरचा लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा कल) साडेनऊ अंश. ग्रिपही (मुठीत धरायचं आवरण) जाड वाटते, मूठ नीट मिटत नाही.

शरीराचं म्हणाल तर दिवसभर खुर्चीत बसून हिशेबाचं काम. पाठीचा मधला भाग आखडलेला असतो, आणि रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जास्त चेंडू मारले की उजव्या कोपराची आतली बाजू दुखते.

रेंजवर जो भेटतो तो सल्ला देतो. एक म्हणतो डोकं खाली ठेवा, दुसरा म्हणतो खांदे फिरवा, तिसरा म्हणतो नवीन ड्रायव्हर घ्या. माझ्याकडे चाळीस-पन्नास हजार बाजूला काढलेले आहेत. ते क्लबवर घालू, प्रोकडे (व्यावसायिक प्रशिक्षकाकडे) शिकण्यावर, की व्यायामावर? आणि कुठल्या क्रमाने? 'सरावाने येईल' हे कृपया नको. सराव करतेच आहे, पण चुकीचाच पक्का होत नाहीये ना, ही भीती आहे.

नाशिककर

ताई, पैसे काढण्याआधी एक करा. चेंडूच्या मागच्या बाजूला, जिथे क्लब लागतो तिथे, व्हाइटबोर्डच्या मार्करने ठसठशीत ठिपका काढा आणि ड्रायव्हर मारा. ठिपक्याचा ठसा क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, उमटतो. पाच-सहा चेंडू मारून ठसे कुठे पडताहेत ते सांगा: मधोमध, टोकाकडे, की शाफ्टच्या बाजूला, म्हणजे हीलकडे? शिवाय पाठीमागून, चेंडू-लक्ष्याच्या रेषेत मोबाइल ठेवून एक व्हिडिओ घ्या.

बंकरवाला

तुमच्या वर्णनातच बरंचसं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेंडू निघतो कुठल्या दिशेने, हे मुख्यतः आदळताना क्लबचा फेस कुठे बघतोय त्यावर ठरतं. नंतर वळतो कुठे, हे फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. तुमचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतोय, म्हणजे क्लब बाहेरून आत येतोय आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा राहतोय. आयर्न 'जरा डावीकडे' जाते तीही याच मार्गामुळे. सात नंबरला लॉफ्ट भरपूर असतो, त्यामुळे चेंडूवर उलटी फिरकी जास्त बसते आणि बाजूचं वळण कमी दिसतं. साडेनऊ लॉफ्टच्या ड्रायव्हरला ही सवलत नाही, तीच चूक तिथे झाडांत जाते. म्हणजे आयर्न चांगली आणि ड्रायव्हर वाईट असे दोन वेगळे स्विंग तुमच्याकडे नाहीत.

आता मार्ग बाहेरून आत का येतो? बहुतेकांच्या बाबतीत वरून खाली येताना खांदे आधी उघडतात आणि कंबर मागे राहते. वजन डाव्या पायावर सरकायच्या आत हात पुढे फेकले जातात. 'डोकं खाली ठेवा' या सल्ल्याने हे बिघडतंच, कारण मान गच्च धरली की छातीही फिरत नाही. तो सल्ला तुम्ही सोडूनच द्या.

करून बघा: ड्रायव्हरचं कव्हर चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, किंचित मागे, जमिनीवर ठेवा. अर्ध्या स्विंगने मारा, कव्हरला क्लब लागता कामा नये. बाहेरून आलात की कव्हर उडतंच, दुसऱ्या कुणी सांगायची गरज राहत नाही. उजवं पाऊल चार बोटं मागे घेऊन उभ्या राहिलात तर आतून यायला जागा मिळेल. क्लब धरल्यावर वरून बघताना डाव्या हाताची दोन ते तीन पेरं (बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे) दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर फेस उघडा राहणारच. चेंडू डाव्या टाचेसमोर, आणि टी (चेंडू ठेवायची खुंटी) इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल.

क्लबचं म्हणाल तर साडेनऊ लॉफ्ट तुमच्या वेगाला कमी आहे, चेंडू हवेत टिकणार कसा? बारा किंवा त्याहून जास्त लॉफ्ट, हलका ग्रॅफाइट शाफ्ट, लेडीज किंवा सीनियर फ्लेक्स (शाफ्टची लवचीकता), हे तुमचं घर. स्टीलचा शाफ्ट शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो, ग्रॅफाइट त्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. आणि एक कळकळीची विनंती: कुणी 'हेच शाफ्ट कापून देतो' म्हणालं तर ऐकू नका. कापलेला शाफ्ट आणखी ताठ होतो आणि क्लबचा तोलही बिघडतो.

अस्मि_फिजिओ

कोपराबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. उजव्या कोपराची आतली बाजू म्हणजे मनगट वाकवणारे स्नायू जिथे हाडाला चिकटतात ती जागा. जाड ग्रिप आवळून धरणं, ताठ स्टीलचा धक्का आणि रेंजवरची कडक मॅट, तिन्ही गोष्टी तिथेच ताण देतात. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे आपटला तरी घसरून पुढे जातो, त्यामुळे चूक कळत नाही आणि हादरा मात्र कोपराला बसतो. दुखणं जाईपर्यंत मॅटवर आयर्न मारू नका. टीवर चेंडू ठेवून मारा, चेंडूंची बादली अर्धीच घ्या. सकाळी चहाचा कप उचलतानाही दुखत असेल तर प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवा.

पाठीचा मधला भाग फिरत नसेल तर शरीर ते वळण कंबरेतून काढतं किंवा हातांनी भरून काढतं. वर ज्यांनी खांद्यांचं लिहिलंय त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. रोज दहा मिनिटं पुरतात. कुशीवर झोपा, गुडघे पोटाकडे, दोन्ही हात समोर जोडलेले. वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा पाठीमागे उघडा, नजर हाताबरोबर जाऊ द्या, गुडघे जागचे हलू देऊ नका. मग ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं). नंतर रबर बँड दाराच्या कडीला बांधून कंबरेच्या उंचीवर दोन्ही हातांनी बाजूला ओढा, पण वळण छातीतून यायला हवं. जिममध्ये जाण्याइतका खर्च सध्या नको. खेळ सुरू करायच्या पहिल्याच जागी थेट गाडीतून उतरून ड्रायव्हर काढणं तेवढं बंद करा.

मृणाल_पुणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ठिपक्याचा प्रयोग केला. ठसे जवळजवळ सगळे हीलकडे, दोन तर अगदी शाफ्टच्या तोंडाशी. पकड तपासली, पेर एकच दिसत होतं. बदलून धरल्यावर सुरुवातीला फार परकं वाटलं, पण एक चेंडू चक्क सरळ गेला आणि शेजारच्या काकांनी मान वळवून बघितलं. व्हिडिओत दिसतंय की वर जाताना ठीक आहे, खाली येताना क्लब बाहेर पडतो. आता क्रम सांगा.

बंकरवाला

हीलवर लागला की उजवीकडचं वळण आणखी वाढतं, म्हणजे तुमच्या स्लाइसला (या उजवीकडच्या वळणाला) दोन बाजूंनी खतपाणी मिळतंय. तुमच्या उंचीला तो ड्रायव्हर लांबही आहे. नवीन येईपर्यंत एक इंच खाली धरून मारा, ठसा मध्याकडे सरकतो का बघा.

क्रम माझ्या मते असा: आधी प्रोकडे चार-पाच धडे, पण त्याला हाच व्हिडिओ दाखवून 'फक्त मार्ग आणि पकड' एवढंच काम करायला सांगा. अस्मिताईंचा व्यायाम आजपासूनच, त्याला पैसे लागत नाहीत. मार्ग थोडा सुधारला की मग क्लब. आत्ताच्या स्विंगवर फिटिंग केलंत तर चुकीला मापाचा सेट शिवून मिळेल. अपवाद ग्रिपचा: पातळ ग्रिप लगेच बसवून घ्या, कोपरासाठी.

पूर्ण सेट घेऊ नका. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात, कमीत कमीची अट नाही. ड्रायव्हर, पाच नंबरचं वुड, एक हायब्रिड, सात, नऊ, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. वापरलेला लेडीज सेट चांगल्या अवस्थेत मिळाला तर बजेटमध्ये बसून धड्यांनाही उरतील. लांबीचं दडपण घेऊ नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिचा ड्राइव्ह तिथल्या बऱ्याच जणींपेक्षा आखूड होता. ग्रीनजवळचा (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत गवताजवळचा) खेळ आणि पटिंग (चेंडू खड्ड्याकडे घरंगळवणं) यांच्या जोरावर ती शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली.

नाशिककर

सेट घ्यायला जाल तेव्हा मार्कर पर्समध्ये ठेवा. या वेळी चेंडूवर ठिपक्याऐवजी उभी रेघ काढा आणि ती क्लबकडे करून सात नंबर मारा. फेसवर रेघ उभी उमटली तर त्या आयर्नच्या शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन तुमच्या उंचीला बरोबर. तिरकी उमटली तर दुकानदार काहीही म्हणो, तो सेट तिथेच ठेवून या.