मदत हवी आहे: फेअरपोर्ट कन्व्हेन्शन पुढे कुठून ऐकू?

नमस्कार मंडळी. सध्या लंडनच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने अक्षरशः झपाटलंय. 1967 मध्ये सुरू झालेला हा बँड पहिल्या अल्बममध्ये पुष्कळसा अमेरिकन वळणाचा वाटतो. मग गायिका सँडी डेनी येते आणि 1969 या एकाच वर्षात तीन अल्बम! त्यातल्या 'अनहाफब्रिकिंग'मधलं 'अ सेलर्स लाइफ' ऐकाच. अकरा मिनिटांचं जुनं इंग्लिश लोकगीत. सुरुवातीला आवाज जवळजवळ एकटाच, ड्रम्स लाटांसारखे मागे घोळत राहतात, आणि हळूहळू रिचर्ड थॉम्पसनची गिटार आणि डेव्ह स्वॉरब्रिकचं फिडल (व्हायोलिन) एकमेकांना भिडतात. माझ्या मते बँडचं वळण इथेच बदललं.

त्याच वर्षी मे महिन्यात गाडीच्या अपघातात तरुण ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला. तरीही वर्षअखेरीस 'लीज अँड लीफ' हा अल्बम आला. हे आठवलं की अजून गलबलतं.

त्यानंतर सँडी आणि बास वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्स दोघंही बाहेर पडले. इथे माझा गोंधळ होतो. आधी फेअरपोर्टचा पुढचा अल्बम 'फुल हाऊस' ऐकू, की हचिंग्सच्या नव्या बँडकडे, स्टीलआय स्पॅनकडे वळू? त्यांच्या 'प्लीज टू सी द किंग' या अल्बममध्ये तर ड्रमरच नाही, मग ठेका कोण धरतं?

आणखी एक, वाजवणाऱ्यांसाठी: लॅम्बलनंतर फेअरपोर्टमध्ये आलेल्या डेव्ह मॅटॅक्सचे ड्रम्स इतके जड असूनही गाण्यातली गोष्ट दबत नाही, ते कशामुळे? एखाद्या गाण्याचं उदाहरण देऊन सांगितलंत तर फार बरं होईल.