कोल्हापुरी बघून माणूस ओळखता येतो का?

पायवाट:
सदरा-झब्बा प्रसंगाला साजेल असा घ्यावा लागतो, पण चप्पल माणूस स्वतःच्या मनाने निवडतो. जाड तळाची, करकर वाजणारी कोल्हापुरी घेणाऱ्याला आपण आल्याचं चार लोकांना कळायला हवं असतं. पातळ तळ, बारीक वेणी, गोंडा नको, असं सांगणारा बारकावे बघणारा असतो. माझ्या मते स्वभाव पायात दिसतोच.

रापी:
साफ असहमत. निवड मन करत नाही, पाऊल करतं. कोल्हापुरीला मागून पट्टा नसतो. सगळी पकड अंगठा आणि पुढच्या पट्ट्यावर. पंजा रुंद असला की पट्टा करंगळीच्या बाजूला चावतो. सपाट, टणक तळ कित्येकांच्या टाचेला सोसत नाही. असा माणूस मऊ तळाचे सँडल घालतो, तर तो लगेच 'अरसिक' कसा?
जुन्या चपलेचा तळ उलटा करून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजली असेल तर ते नेहमीचंच. आतली कड झिजली असेल तर पाऊल आत कलतंय. चप्पल चाल सांगते, स्वभाव नाही.

पायवाट:
झिजेचं मान्य. पण निगा? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं पाण्याने फुगतं, शिवणीची वादी (चामड्याची दोरी) सैल पडते. घाईने उन्हात ठेवली की तळ वाकडा होऊन तडकतो. भिजली तर कोरड्या फडक्याने टिपून सावलीत वाळवायची, पूर्ण वाळल्यावरच एरंडेल चोळायचं. जोडाला चमचाभर पुरे. जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होतं आणि धूळ धरतं. हे वर्षानुवर्षं करणाऱ्याचा स्वभाव त्या जोडात दिसणार नाही तर कुठे?

हिरडा:
दोघंही घालणाऱ्याबद्दल बोलताय, मला बघणाऱ्याबद्दल बोलायचंय. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. टीका झाल्यावर मूळ मान्य केलं. तिथे तीच चप्पल फॅशन, आणि इथे कारकुनाने ऑफिसात घातली तर गावठी? चप्पल तीच आहे. पूर्वग्रह बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. 2019 साली महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, तरी कारागिराची मेहनत कोणी पायाकडे बघून वाचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवखी:
वादात पडत नाही. पहिल्यांदाच घेतेय, काय बघू?

रापी:
ताई, संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. आधी तळाची कड बघा: चामड्याचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत आणि शिवण वादीची हवी. खिळे किंवा रबर दिसलं तर ठेवून द्या. टाच तळाबाहेर येता कामा नये, कारण तळ वाढत नाही. पट्टा मात्र घट्टच घ्या, तो वापराने सैलावतो. आज आरामात बसलेला पट्टा महिन्याभरात पायातून निसटतो.

पायवाट:
आणि पट्ट्याला आतून तेलाचं बोट फिरवून पहिला आठवडा रोज तासभर घरातच घाला. नवी कोरी घालून थेट लग्नाला गेलात तर अंगठ्याच्या बेचक्यात हमखास फोड येणार.