मित्रांसाठी मॉड घातलेला माइनक्राफ्ट सर्व्हर : वीज गेल्यावर किल्ल्याचा भाग नाहीसा झाला, लॅगही आहे आणि बाहेरून जोडता येत नाही

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीपासून मी खानापुरातील घरच्या डेस्कटॉपवर आम्हा शाळासोबत्यांसाठी माइनक्राफ्ट या ब्लॉकांनी (ठोकळ्यांनी) जग बांधण्याच्या खेळाच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर (सर्वांना एकाच जगात खेळू देणारा प्रोग्रॅम) चालवतो. आम्ही सहा जण आहोत. दहावीनंतर सगळे पांगलो. दोघे बेळगावात, एक निपाणीला, एक संकेश्वरला आणि एक नोकरीनिमित्त पुण्याला असतो, त्यामुळे रात्री साडेनऊनंतर आमची गाठ पडते ती या जगातच. आवृत्ती १.२०.१ असून फोर्जवर (मॉड चालवणाऱ्या प्रणालीवर) सुमारे ऐंशी मॉड, म्हणजे खेळात भर घालणाऱ्या फाइली, आहेत आणि त्यांत यंत्रे बांधू देणारा ‘क्रिएट’ मुख्य आहे. संगणकात १६ जीबी रॅम आहे, त्यातील ६ जीबी सर्व्हरला दिली आहे.

चार महिन्यांपासून आम्ही बेळगावचा किल्ला उभारत आहोत. खंदक आणि मुख्य दरवाजा झाला, त्यानंतर आतील कमल बस्ती हे जैन मंदिर घेतले. ही बस्ती १२०४ सालची आहे आणि तिच्या छतातील दगडी कमळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते ब्लॉकमध्ये उतरवणे किती कठीण आहे हे सांगायला नको. गेल्या आठवड्यात रात्री पावसात वीज गेली. सकाळी सर्व्हर चालू केला तेव्हा बस्तीच्या जागी मूळची टेकडी आणि त्यावर झाडे उभी होती. पेनड्राइव्हवर तीन आठवड्यांपूर्वीची प्रत आहे आणि कमळ तिच्यात नक्की आहे, परंतु सगळे जग त्या प्रतीवर मागे नेले तर संकेश्वरच्या मित्राने या तीन आठवड्यांत उभारलेले गुऱ्हाळ जाईल. फक्त बस्तीचा भाग परत आणता येतो का?

याशिवाय चार-पाच जण आत आले की लॅग येतो, म्हणजे खेळ अडखळतो : तोडलेला ब्लॉक पुन्हा जागेवर येतो आणि दार उघडायला दोन सेकंद लागतात. रॅम १२ जीबी करावी असे सर्वांचे म्हणणे आहे. तसेच महिन्यापूर्वी आम्ही इंटरनेटची जोडणी बदलली आणि तेव्हापासून बाहेरून कोणालाच आत येता येत नाही. राउटरमध्ये २५५६५ क्रमांकाचा पोर्ट (सर्व्हरकडे बाहेरून येण्याचे दार) पूर्वीप्रमाणेच खुला केला आहे. सध्या दर शनिवारी मी डेस्कटॉप बसमधून बेळगावातील अनगोळला मित्राच्या घरी नेतो आणि तिथून सर्व्हर चालवतो. लॅग तिथेही तितकाच आहे.

अनगोळकर

सर्वांत आधी सर्व्हर बंद करा आणि आहे त्या स्थितीतील संपूर्ण वर्ल्ड फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. ती झाल्याशिवाय पुढचे काही वाचूही नका, कारण सर्व्हर जितका वेळ चालू राहील तितका तो नव्याने तयार झालेल्या टेकडीवर आणखी काही लिहीत राहील.

आपले जग एकाच फाइलमध्ये नसते. १६ गुणिले १६ ब्लॉकचा एक चंक, आणि ३२ गुणिले ३२ चंक मिळून एक रीजन फाइल होते. म्हणजे एका फाइलमध्ये ५१२ गुणिले ५१२ ब्लॉकचा चौरस मावतो. वीज जाताना नेमकी ती फाइल लिहिली जात असेल तर तिच्यातील काही चंक वाचता येत नाहीत आणि खेळ ते नव्याने बनवतो. तुमची टेकडी अशीच आली असणार.

आता बस्तीचे एक्स आणि झेड हे जागा सांगणारे दोन अंक पाहा. प्रत्येकाला ५१२ ने भागून खालचा पूर्णांक घ्यायचा. उदाहरणार्थ, एक्स १३०० असेल तर २.५४, म्हणजे २. झेड उणे ७०० असेल तर उणे १.३७, आणि खालचा पूर्णांक म्हणून उणे २ (उणे १ नव्हे, हीच चूक बहुतेकांकडून होते). म्हणजे ‘आर’नंतर २ आणि उणे २ हे अंक असलेली फाइल तुम्हाला हवी आहे. त्याच नावाची फाइल ‘रीजन’, ‘एंटिटीज’ आणि ‘पीओआय’ या तिन्ही फोल्डरांत सापडेल. त्या तिन्ही जुन्या प्रतीतून आणून आजच्या जगात ठेवा. बाकी कशालाही हात लावू नका. गुऱ्हाळ दुसऱ्या चौरसात असेल तर त्याला धक्का लागणार नाही. त्या चौरसात तीन आठवड्यांत झालेले इतर काम मात्र जाईल, आणि तिथल्या पेटीतून कोणी सामान दुसरीकडे नेले असेल तर ते दोन्हीकडे दिसेल. मित्रांना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद होणार नाहीत.

उद्यमबाग

मी बेळगावात मशीन शॉपमध्ये काम करतो आणि आमच्याकडे माप घेतल्याशिवाय कोणी धातूला हात लावत नाही, म्हणून रॅमचा सल्ला वाचून राहवले नाही. तो सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लॅग कुठून येतो हे तुम्ही अजून पाहिलेलेच नाही.

सर्व्हर एका सेकंदात २० टिक (जग पुढे नेणाऱ्या फेऱ्या) करतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात प्राणी हलणे, ऊस वाढणे, यंत्रे फिरणे हे सगळे झाले पाहिजे. काम ५० मिलिसेकंदांत आटोपले नाही की पुढचा टिक उशिरा सुरू होतो आणि सगळे जग संथ होते. तोडलेला ब्लॉक परत येतो तो यामुळेच. लॅग अनगोळच्या जोडणीवरही तितकाच आहे, यावरून दोष नेटवर्कचा नाही हे उघड आहे. शिवाय हे काम मुख्यत्वे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते, त्यामुळे रॅम दुप्पट केल्याने तो कोअर वेगाने पळू लागत नाही. ऐंशी मॉड आणि सहा जणांसाठी ६ जीबी पुरेशी असावी. १६ पैकी १२ जीबी जावाला दिली तर ऑपरेटिंग सिस्टिमला आणि डिस्कच्या कॅशेला जागा उरत नाही, आणि जावा जेव्हा न लागणारी मेमरी साफ करायला थांबते तेव्हा हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, मोठी असेल तर तो थांबा लांबूही शकतो.

‘स्पार्क’ हा मॉड सर्व्हरवर घाला. लॅग प्रत्यक्ष चालू असताना त्याचा प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारा भाग) पाच-दहा मिनिटे चालवा; रिकाम्या सर्व्हरवर घेतलेल्या मापाचा उपयोग नाही. तो एक दुवा देतो, त्यात कोणत्या कामाला किती टक्के वेळ गेला हे दिसते. ते इथे लिहा, मग बोलू.

तोपर्यंत एक गोष्ट बिनधोक करता येईल. व्ह्यू डिस्टन्स (किती चंक दूरचे दिसावे तो अंक) मूळच्या १० वर असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक भरले जातात. ६ केल्यास ते १६९ होतात. सहा जण सहा दिशांना असतील तर हा फरक फार मोठा आहे. दूरचे दिसायला हवे असेल तर व्ह्यू डिस्टन्स ८ ठेवून सिम्युलेशन डिस्टन्स ५ करा, कारण यंत्रे आणि प्राणी चालतात ते त्या दुसऱ्या अंकाच्या आत.

निपाणीकर

जोडणीबद्दल लिहितो, कारण हे मी स्वतः भोगले आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहा आणि तोच पत्ता ‘माझा आयपी कोणता’ सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर पडताळा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. त्यात एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून घरी पोर्ट कितीही खुला केला तरी उपयोग होत नाही.

कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागता येतो, त्यासाठी बहुधा वेगळे पैसे पडतात. नाहीतर ‘टेलस्केल’सारखे खासगी जाळे आहे. ते सर्व्हरच्या संगणकावर आणि प्रत्येक मित्राच्या संगणकावर घालायचे, आणि आपापल्या खात्यांवरून सर्व्हरचे यंत्र वाटून घ्यायचे. (याचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, ते वरच्या तपासणीशी गल्लत करू नका.) शक्य असेल तिथे ते दोन संगणकांना थेट जोडते, म्हणून खानापूर ते निपाणी हे अंतर उगाच परदेशातून जात नाही. मित्रांना काही घालायचे नसेल तर ‘प्लेइट’सारखा बोगदा (मधल्या सर्व्हरमार्फत जोडणारी सेवा) आहे, तिथे पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) थोडा वाढतो, पण काम चालते.

कोणताही मार्ग घ्या, व्हाइटलिस्ट (आत येऊ द्यायच्या खेळाडूंची यादी) चालू ठेवा. एखाद्याकडे खेळाची विकत घेतलेली प्रत नाही म्हणून काही जण ऑनलाइन मोड (खेळाडूचे खाते खरे आहे का ते तपासणारी सोय) बंद करतात. तसे केले की तुमचे नाव लिहून कोणीही तुमच्या अधिकारांनिशी आत येऊ शकते, आणि उघडे सर्व्हर शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत चालू असतात.

मलप्रभाकाठ

दादा, तिघांचेही मनापासून आभार. रविवारी सर्व काही सांगितल्याप्रमाणे केले.

स्पार्कच्या अहवालात एका टिकला सरासरी ७१ मिलिसेकंद लागत होते आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा जमिनीवर पडलेल्या वस्तूंचा होता. त्या शोधत गेलो तर सगळ्या गुऱ्हाळात निघाल्या. ‘क्रिएट’ची कापणी यंत्रे ऊस कापत राहतात, पेट्या भरलेल्या असल्यामुळे ऊस खाली पाण्याच्या पाटात पडतो आणि पाटाच्या टोकाला हॉपरांपाशी (वस्तू गोळा करणाऱ्या ब्लॉकांपाशी) त्याचा खच साचतो. मी तिथे उभा असताना अकराशेच्या वर वस्तू होत्या. शिवाय मित्राने चंक सतत जागा ठेवणारा ब्लॉक तिथे लावला असल्याने कोणी जवळ नसतानाही हे चालू असते. ते त्याने फार हौसेने बांधले आहे, म्हणून पाडायला सांगणे मला जड जाते.

राउटरमधला पत्ता १००.७० ने सुरू होतो. टेलस्केल घातले आणि पुण्याचा मित्र पहिल्याच प्रयत्नात आत आला.

उद्यमबाग

पाडायची गरज नाही. जमिनीवरची वस्तू पाच मिनिटांनी आपोआप नाहीशी होते, परंतु यंत्र तितक्याच वेगाने नवीन टाकत राहिले तर ढीग कधीच ओसरत नाही. ‘क्रिएट’मध्येच थ्रेशोल्ड स्विच आहे. तो शेवटच्या पेटीला लावा, वरची मर्यादा नव्वद टक्के आणि खालची साठ ठेवा, आणि त्याचा रेडस्टोन संकेत (खेळातील वीज) यंत्राच्या मुख्य दांड्यावरील क्लचला द्या. पेटी भरत आली की क्लच सुटतो व यंत्र थांबते, आणि त्यातला ऊस वापरला गेला की पुन्हा सुरू होते. पेटीत जागा झाल्याशिवाय ऊस कापायचा नाही, हे तुमच्या मित्राला लगेच पटेल. चंक जागा ठेवणारा ब्लॉक मात्र काढा.

त्यानंतरही कोणी नव्या प्रदेशात फिरायला निघाल्यावर लॅग येत असेल तर तो नवे चंक बनवण्याचा आहे. त्यासाठी ‘चंकी’ या मॉडने जग आधीच तयार करून घ्या. तीन हजार ब्लॉकच्या त्रिज्येचा चौरस घेतला तर १,४०,६२५ चंक होतात. रात्रभर चालू द्या, आणि तेवढ्यावर वर्ल्ड बॉर्डर (जगाची हद्द) आखा.

अनगोळकर

बस्ती परत आली का ते लिहिले नाही. पुढच्या पावसाळी रात्रीसाठी मात्र दोन गोष्टी आजच करा.

आपल्याकडे बहुतेक घरी इन्व्हर्टर असतो, परंतु साध्या स्थितीत तो वीज बदलताना क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरांना मागे यूपीएस स्थितीचे बटण असते, ते लावा. खानापूर तालुक्यात आषाढ-श्रावणात झाड तारांवर पडले की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. बॅटरी उतरण्याआधी सर्व्हर ‘स्टॉप’ आदेश देऊन बंद झाला पाहिजे. घरी कोणी जागे असेल तर हे काम आईवडिलांना एकदा दाखवून ठेवा.

दुसरी गोष्ट बॅकअपची. चालू सर्व्हरचे फोल्डर तसेच उचलून प्रत काढली तर अर्धवट लिहिलेली फाइलही तिच्यात येते. आधी ‘सेव्ह ऑफ’ आदेश (लिहिणे थांबवायला), मग ‘सेव्ह ऑल फ्लश’ (उरलेले सगळे लिहून टाकायला), मग प्रत, आणि शेवटी न विसरता ‘सेव्ह ऑन’. हे रोज पहाटे चारला आपोआप होईल अशी छोटी स्क्रिप्ट लिहा, सात दिवसांच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि आठवड्याला एक प्रत पुण्याच्या मित्राकडे पाठवा. चालत्या जगातून मॉड काढण्यापूर्वीही प्रत घ्या, कारण त्या मॉडचे ब्लॉक जिथे असतील तिथे रिकामी जागा होते. नवे मॉड ओळखीच्या ठिकाणांहूनच घ्या. जून २०२३ मध्ये चांगल्या नावाच्या मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ हे घातक सॉफ्टवेअर शिरले होते, त्यामुळे नव्या फाइलला चार दिवस जाऊ देणे बरे.

मलप्रभाकाठ

बस्ती आली, दादा. तिन्ही फाइली ठेवून सर्व्हर चालू केला तेव्हा पाचही जण टेलस्केलवरून आत येऊन दरवाजापाशी थांबले होते. आम्ही एकत्रच आत गेलो आणि कमळाखाली उभे राहून पाकळ्या मोजल्या, बहात्तर भरल्या. पूर्वेकडची तटबंदी गेली आहे, ती पुढच्या दोन रविवारी पुन्हा बांधायची ठरली. गुऱ्हाळाला क्लच लागला असून काल सहा जण असताना टिक ३८ मिलिसेकंदांवर होता.

एक छोटी गोष्ट राहिली. बस्तीबाहेरच्या पाटीवर देवनागरीत काही लिहिले तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाते. यावर काही करता येते का?

निपाणीकर

मूळ खेळ देवनागरीची अक्षरे जुळवत नाही, एकेक खूण वेगळी मांडतो. ‘मॉडर्न यूआय’ हा मॉड मजकूर नीट जुळवून दाखवतो, परंतु तो प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर असावा लागतो. तोवर ‘कमल बसती’ असे जोडाक्षर न घेता लिहू नका, ते डोळ्यांना खुपेल. अक्षरे काळ्या काँक्रीटच्या भिंतीवर पांढऱ्या ब्लॉकने मोठी रचा. एका अक्षराला नऊ ब्लॉकची उंची दिली की ‘स्त’ सुबक येतो, आमच्या जगातील निपाणीच्या पाटीसाठी मी तेच केले आहे.