वायफायच्या रेघा दिसतात, पण फाइल काही जात नाही

पेन्सिलटोक

नमस्कार मंडळी. इतके दिवस मी फोनच्या हॉटस्पॉटवर निभावून नेत होते. घरी बसून भाषांतराची कामं करते, फाइल पाठवली की सुटले, एवढाच आमचा नेटशी संबंध. गेल्या आठवड्यात शेवटी घरात फायबर घेतलं. जोडायला आलेल्या मुलाने डबा लावला, त्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवून "हा पासवर्ड" म्हणाला आणि पसार झाला.

डबा बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या मागे आहे, शेजारी माशांची टाकी. माझं टेबल आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. तिथे लॅपटॉपवर चारपैकी तीन रेघा दिसतात, पानंही बऱ्यापैकी उघडतात, पण फाइल पाठवायला घेतली की चक्र फिरत बसतं. रेघा आहेत तर मग अडतंय कुठे?

दुसरं, वाचनालयातलं वायफाय. फोन "कनेक्टेड" म्हणतो आणि एक पान उघडेल तर शपथ. शेजारच्या मुलीचं व्यवस्थित चालू होतं. ती म्हणाली, "काकू, लॉगिन करा ना." अगं, पण कुठे?

आणि तिथे बसून बँकेचं काम करावं का? भाऊ म्हणतो चुकूनही नको, भाची म्हणते काही होत नाही. सेटिंगला मी घाबरत नाही, पण कशाने काय होतं ते समजल्याशिवाय हात लावत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उंटावरचा

राउटर बंद करून परत चालू करा. (कोणीतरी म्हणणारच होतं, म्हटलं आपणच उरकून टाकू.)

रात्रपाळी

ताई, मी पाच वर्षं एका इंटरनेट कंपनीसाठी तक्रारींचे फोन घेतले, तेही रात्रीचे. निम्मे फोन तुमच्या पहिल्याच प्रश्नाचे असायचे.

वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉप ते डबा हा टप्पा वायफायचा, डब्यापासून बाहेरच्या जगापर्यंतचा टप्पा इंटरनेटचा. रेघा फक्त पहिल्या टप्प्याबद्दल सांगतात, आणि तेही अर्धंच: डब्याचा आवाज लॅपटॉपला किती ऐकू येतोय एवढंच. लॅपटॉपचा आवाज डब्यापर्यंत पोचतोय का, ते त्यात दिसत नाही. डब्याच्या मानाने लॅपटॉपचा, आणि त्याहून फोनचा, आवाज बारीक असतो. म्हणून पानं येतात आणि फाइल जात नाही. तुमची लक्षणं मला तरी तशीच वाटताहेत.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. लॅपटॉप उचलून डब्यापाशी न्या, लॅन केबल असेल तर थेट ती लावा आणि तीच फाइल पाठवा. झटकन गेली तर दोष वायफायचा, म्हणजे घरातला. तिथेही रखडली तर कंपनीला फोन करा आणि "केबल लावून बघितलंय" हे पहिल्याच वाक्यात सांगा. समोरच्याची दहा मिनिटं वाचतात, तुमचीही.

आता जागा. टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्रा आणि टाकी म्हणजे पाणी. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. तुम्ही डब्याच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी उभे केलेत. एकदा एका आजोबांचा फोन आला, "खोलीच्या बाहेर गेलं की नेट जातं." सगळं विचारून झालं, काही सापडेना. शेवटी म्हटलं, राउटर नेमका कुठे ठेवलाय? म्हणाले, "दिसायला बरं दिसत नाही म्हणून पत्र्याच्या पेटीत." वायरपुरतं भोक पाडून झाकण लावलं होतं! मी म्हटलं, उघडा. फोनवर झाकणाचा खणकन आवाज आला आणि मागोमाग, "अहो, आलं की!"

तेव्हा डबा उघड्यावर, उंचावर आणि होईल तितका घराच्या मध्यावर ठेवा. अँटेनाच्या काड्या असतील तर त्या आतल्या खोलीकडे रोखू नका. लहरी काडीच्या टोकातून निघत नाहीत, काडीभोवती आडव्या पसरतात. काडी उभीच बरी.

डबा बहुधा दोन पट्ट्यांवर बोलत असेल, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ लांब जातो, पण तिथे शेजारपाजाऱ्यांची, ब्लूटूथची आणि मायक्रोवेव्हची गर्दी. सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं देऊन टेबलावर कोणता चालतो ते बघा. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच घ्या, बाकीची एकमेकांच्या अंगावर येतात.

आणि कागदावरचा पासवर्ड आजच बदला. दोन असतात: एक वायफायचा आणि एक डब्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. दुसरा लोक हमखास विसरतात. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए३ मिळालं तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी नावाचा जुना पर्याय दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, ते कुलूप २००१ सालीच फुटलंय. डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून घेण्याच्या सोयीची, पिनही बंद करा. ती आठ आकडी असते, पण डबा तिचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती सापडते. २०११ मध्ये हे उघड झालं, तरी चालू ठेवलेले डबे अजून भेटतात.

खिडकीजवळची सीट

घरचं रात्रपाळींनी सांगितलंच आहे, मी बाहेरचं सांगते.

वाचनालयाचं वायफाय तुम्हाला आत घेतं, पण दार उघडण्याआधी स्वतःचं एक पान दाखवतं. नाव-नंबर द्या, अटी मान्य करा, मग नेट सुरू. ते पान आपोआप यायला हवं, पण कधी येत नाही. कारण आपण जी साइट उघडायला जातो ती एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध (मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशी), आणि तिच्या मध्ये घुसून स्वतःचं पान दाखवणं वायफायला जमत नाही. उपाय मजेशीर आहे: निव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) नावाची साइट मुद्दाम याच कामासाठी कूटबद्ध न करता ठेवलेली आहे. ब्राउझरमध्ये ती उघडा, लॉगिनचं पान समोर येईल. नाहीच आलं तर फोनमधलं व्हीपीएन (सगळी ये-जा कूटबद्ध करून दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) आणि खासगी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची सेटिंग) तेवढ्यापुरतं बंद करा.

बँकेचं म्हणाल तर तुमचा भाऊ २०१० सालचं बोलतोय आणि भाची आजचं. त्या वर्षी फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन निघालं होतं. उघड्या वायफायवर बसायचं आणि शेजाऱ्याच्या चालू असलेल्या खात्यात क्लिक करून शिरायचं, इतकं सोपं. त्या दणक्यानंतर हळूहळू साइट्स पूर्णपणे एचटीटीपीएसवर गेल्या. आज बँकेचं स्वतःचं ॲप वापरलंत तर शेजारच्या खुर्चीवरच्याला आत काय चाललंय ते वाचता येत नाही. मात्र ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याबद्दल, इशारा दिला तर "तरीही पुढे जा" कधीही दाबायचं नाही.

खरा धोका खोट्या नावाचा. मी स्वतः फसले आहे. विमानतळावर विमानाला चार तास उशीर, फोनमधला डेटा संपलेला. यादीत विमानतळाच्या नावाचं एक वायफाय दिसलं, उघडं. त्याच्या पानाने ईमेल मागितला, दिला. ईमेलचा पासवर्ड मागितला, तोही दिला! विमान उडाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की वायफायला माझ्या ईमेलचा पासवर्ड हवाच कशाला? उतरेपर्यंत काही करता येईना. तो प्रवास नको ते आठवणं. तेव्हापासून नाव काउंटरवर विचारते आणि काम झालं की यादीत "विसरा" दाबते. नाहीतर त्याच नावाचं उघडं वायफाय कुठेही दिसलं तरी फोन आपणहून जाऊन बसतो.

कळफलक्या

एवढं कशाला, व्हीपीएन घ्या नि विषय संपवा.

खिडकीजवळची सीट

संपत नाही हो. वाचनालयाऐवजी व्हीपीएनवाल्यावर विश्वास, एवढाच फरक. माझ्या विमानतळावर तरी त्याचा काय उपयोग होता? पासवर्ड मीच माझ्या हाताने टाइप केला होता.

पेन्सिलटोक

अहवाल देते. केबल लावून तीच फाइल पाठवली, बघता बघता गेली. म्हणजे कंपनी निर्दोष. टाकी हलवायला कोणी तयार नाही, म्हणून डबाच लांब वायर जोडून मधल्या दारावरच्या फळीवर चढवला. आता टेबलावर ५ वर दोन रेघा दिसतात, पूर्वीपेक्षा एक कमी, आणि फाइल मात्र जाते! रेघांवरचा माझा विश्वास उडालाय.

वाचनालयातही पान आलं. त्यात जन्मतारीख मागितली होती. मी भलतीच दिली, चाललं.

फक्त पासवर्ड बदलून दोन नावं केल्यापासून प्रिंटर रुसलाय. फोनला दोन्ही नावं दिसतात, त्याला एकच.

रात्रपाळी

त्याला २.४ एवढंच कळत असणार, बऱ्याच प्रिंटरांचं तसंच असतं. त्याला जे नाव दिसतंय तेच आणि नवा पासवर्ड द्या. लॅपटॉप ५ वरच राहू दे, डबा एकच असल्यामुळे दोघं एकमेकांना सापडतील. नाही सापडले तर सेटिंगमध्ये चुकून पाहुण्यांचं वायफाय चालू झालंय का ते बघा. प्रिंटर त्यात जाऊन बसला असेल तर लॅपटॉपला तो दिसणार नाही.